मे महिन्यात पंखा पळवायचा की जपायचा? कॉम्प्युटरचा गारवा, आवाज आणि पंख्याचं आयुष्य

अकोलेकर · ९ मे, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. अकोल्यात घराच्या वरच्या खोलीत माझं लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग चालतं. मशीन सकाळी नऊला सुरू होतं आणि रात्री अकराला बंद, म्हणजे रोजचे चौदा तास. प्रोसेसर रायझन ७ ७७००एक्स, ग्राफिक कार्ड आरटीएक्स ३०६०, कॅबिनेटला पुढे आत हवा घेणारे दोन पंखे आणि मागे बाहेर टाकणारा एक. तिन्ही कॅबिनेटसोबत आलेले. मशीनला अडीच वर्षं झाली.

बाहेर सध्या ४४-४५ अंश. वर स्लॅब, त्यामुळे कूलर बंद केला की खोली रात्री दहापर्यंत ३९-४० च्या खाली येत नाही. आणि आवाजाचं काम करताना कूलर बंद करावाच लागतो. रेंडर (एडिट केलेल्या व्हिडिओची अंतिम फाइल बनवणं) लावला की प्रोसेसर दोन मिनिटांत ९५ ला जाऊन बसतो, सगळे पंखे पूर्ण जोरात.

आता खरी अडचण. मागचा पंखा आठ दिवसांपासून सकाळी मशीन सुरू करताना घरघरतो. पाच मिनिटांनी आपोआप शांत होतो, मग दिवसभर काही नाही. इथल्या दुरुस्तीवाल्याने सांगितलं, "पंखे फुल्ल पळवले म्हणून झिजले, ५० टक्क्यांवर फिक्स करून टाका." केलं. तर रेंडरला जास्त वेळ लागायला लागला आणि ग्राफिक कार्ड ८४ पर्यंत चढलं. मेहुणे म्हणाले, पंखा स्वस्त, प्रोसेसर महाग, फुल्ल ठेव. तेही केलं, तर हेडफोन घालूनसुद्धा पंख्यांची हवा ऐकू येते.

दोघांचंही पटतं आणि दोघांचंही पटत नाही. पंखा जोरात फिरला म्हणून खरंच लवकर मरतो का? आणि किती जोर पुरेसा, हे ठरवायचं कसं? आमच्याकडे मे म्हणजे लग्नसराई. एखाद्याच्या मुलीच्या लग्नाचं फुटेज पुन्हा शूट करता येत नाही, म्हणून जरा काळजीने विचारतोय.

निशाचर · ९ मे, रात्री ११:५२

मेहुण्यांचं बरोबर आहे. साधा १२० मिमीचा पंखा तीनशे-चारशे रुपयांना मिळतो. फुल्ल ठेवा, गेला की बदला. ९५ ला प्रोसेसर रोज तासन् तास ठेवण्यापेक्षा हे बरं.

टर्नर_भोसरी · १० मे, सकाळी ६:४०

दादा, मी कॉम्प्युटरवाला नाही. भोसरी एमआयडीसीत पंचवीस वर्षं लेथवर काढली, बुश आणि बेअरिंग हे रोजचं काम. तुमचं एकच वाक्य वाचलं आणि पंख्यात काय झालंय ते कळलं. "सकाळी घरघरतो, पाच मिनिटांनी शांत होतो."

तुमचा पंखा बुशवर, म्हणजे शाफ्ट (मधला दांडा) ज्यात फिरतो त्या छोट्या नळीवर, चालणारा आहे. कॅबिनेटसोबत येणारे बहुतेक तसेच असतात. ब्राँझची पूड दाबून, भाजून बुश बनवतात. त्याला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं राहतात आणि त्यांत तेल मुरवलेलं असतं. पंखा फिरायला लागला की ते तेल शाफ्ट आणि बुश यांच्या मधे ओढलं जातं आणि शाफ्ट तेलाच्या पातळ थरावर तरंगायला लागतो. एकदा तरंगला की धातूला धातू लागतच नाही. मग तो मिनिटाला ८०० फेऱ्यांनी फिरो की १५०० ने, बुशला फारसा फरक पडत नाही.

झीज होते ती सुरू होताना आणि थांबताना. थांबलेला शाफ्ट बुशवर टेकलेला असतो. पहिले काही फेरे धातू घासतो, मग थर तयार होतो. म्हणून दिवसभर संथ चालणारा पंखा टिकतो आणि दर दोन मिनिटांनी बंद-चालू होणारा पंखा झिजतो. लेथच्या जुन्या बुश-स्पिंडलचंही हेच असतं, म्हणून आम्ही सकाळी मशीन आधी हलक्या स्पीडला फिरवून घेतो.

मग तुमचा पंखा मरतोय कशाने? तेल संपल्याने. तेल उडतं उष्णतेने. राहिलेलं घट्ट होऊन चिकटतं, त्यात धूळ मिसळली की काळी पेस्ट होते. रात्री थंड झाल्यावर ती आणखी घट्ट होते, म्हणून सकाळची घरघर. पाच मिनिटांत गरम होऊन पातळ झाली की आवाज बंद. पंखा बरा झालेला नसतो, फक्त पेस्ट पातळ झालेली असते.

आणि मागचाच का गेला, पुढचे का नाही, हेही बघा. पुढचे दोघे खोलीतली हवा खातात. मागच्याच्या तोंडावर प्रोसेसरची तापलेली हवा दिवसभर येते, आणि त्याच्या मोटरचं बुश त्या झोताच्या बरोबर मधे. माझा अनुभव असा की आत घेणारा पंखा धुळीने जातो आणि बाहेर टाकणारा उष्णतेने.

तर तुमच्या दुरुस्तीवाल्याचं निदान उलटं आहे. ५० टक्क्यांवर बांधून ठेवल्याने आतली हवा जास्त तापली आणि मागच्या पंख्याचं तेल आणखी लवकर उडालं.

अकोलेकर · १० मे, सकाळी ९:१५

काका, इतकं नीट कुणी सांगितलं नव्हतं. बॉल बेअरिंगवाला घेतला तर हा त्रास जाईल का?

टर्नर_भोसरी · १० मे, दुपारी १:०५

बॉल बेअरिंगमध्ये ग्रीस असतं आणि दोन छोट्या बेअरिंगवर शाफ्ट धरलेला असतो. उष्णता जास्त सोसतो, आडवा लावा की उभा लावा, त्याला फरक पडत नाही. पण आवाज पहिल्या दिवसापासून थोडा जास्त, आणि हातातून पडला की गोळ्यांचे वळ रेसवर (गोळ्या फिरतात त्या कड्यावर) उठतात, मग कायमची कटकट. जाताना हळूहळू आवाज वाढवत जातो, बुशसारखा अचानक अडकत नाही.

आता मिळतात ते चांगले पंखे फ्लुइड डायनॅमिक बेअरिंगचे असतात. तत्त्व बुशचंच, पण आत माशाच्या काट्यासारख्या बारीक खाचा पाडलेल्या असतात. शाफ्ट फिरला की त्या तेलाला बाहेर जाऊ देत नाहीत, आत ढकलतात, आणि वरून सील. आवाज बुशचा, आयुष्य बॉलच्या बरोबरीचं किंवा जास्त. मागच्या जागेला तसाच घ्या.

अजून एक. कॅबिनेटच्या छतावर पंखा लावायचा असेल तर तिथे साध्या बुशचा लावू नका. तिथे शाफ्ट उभा होतो, सगळं वजन एका टोकावर येतं आणि तेल खाली झिरपतं.

सर्व्हररूम · १० मे, रात्री १०:३०

टर्नर काकांनी जे हाताने ओळखलं, त्याला आकड्यांची जोड देतो. माझं काम सर्व्हरच्या खोल्या सांभाळण्याचं.

पंख्याच्या खोक्यावर "४०,००० तास" असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ प्रत्येक पंखा तेवढा चालेल असा नाही. बऱ्याच कंपन्या एल१० देतात, म्हणजे शंभरातले दहा पंखे बंद पडेपर्यंतचा काळ. काही जण सरासरी काळ देतात, तो आकडा साहजिकच मोठा दिसतो. दोन पंख्यांची तुलना करताना दोन्ही आकडे एकाच प्रकारचे आहेत का ते आधी पाहा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो आकडा ठरावीक तापमानाचा असतो, बहुधा ४० अंशांचा, कधी २५ चा.

वंगणाबद्दल एक ढोबळ नियम आम्ही वापरतो: दर १० अंशांनी आयुष्य निम्मं. अकोलेकर, तुमचं गणित करू. रोज चौदा तास म्हणजे वर्षाला ५,११० तास. ४० अंशांत ४०,००० तासांचा पंखा जवळपास आठ वर्षं जायला हवा. पण तुमची खोलीच ४० ची, त्यावर आतली हवा पंधरा-वीस अंशांनी वाढली, तर मागचा पंखा ५५-६० अंशांत फिरतोय. ६० ला दोन वेळा निम्मं करा, १०,००० तास. म्हणजे दोन वर्षं. बारा महिने मे नसतो, म्हणून तुमचा अडीच वर्षं टिकला. ढोबळ हिशेब आहे, पण दिशा बरोबर आहे.

महागड्या पंख्याचे पैसे कशाचे, तेही यातून कळतं. नॉक्टुआ ही कंपनी त्यांच्या एनएफ-ए१२एक्स२५ ला दीड लाख तासांहून जास्त सरासरी आयुष्य आणि सहा वर्षांची वॉरंटी देते. त्याची किंमत साध्या पंख्याच्या कितीतरी पट. तिन्ही जागी तो लावायची गरज नाही. मागे एक चांगला लावा, पुढे मध्यम चालतील.

निशाचर, ९५ बद्दल. रायझन ७७००एक्ससारख्या चिपसाठी ती बनवणाऱ्या एएमडीने ९५ अंश ही चालण्याची मर्यादाच ठरवली आहे. पूर्ण कामात चिप स्वतःहून तिथपर्यंत जाते आणि तिथे आपला वेग सांभाळते. त्यामुळे "९५ दिसलं की पंखा फुल्ल" असं ठेवलं तर पंखा रेंडरभर फुल्लच राहणार, आणि तापमान ९५ च राहणार. फरक पडेल तो चिपच्या वेगात, आणि तोही थोडाच. त्या आकड्याला घाबरून पंखा पळवण्यात अर्थ नाही.

थंड म्हणजे टिकाऊ, हेही सरसकट खरं नाही. २००७ मध्ये गूगलच्या अभियंत्यांनी एक लाखाहून जास्त हार्डडिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात जास्त तापमानाच्या डिस्क जास्त बंद पडतात असा सरळ संबंध दिसला नाही. खूप थंड ठेवलेल्या डिस्कमध्ये बिघाड उलट जास्त आढळले, आणि उष्णतेचा त्रास अगदी वरच्या टोकाला आणि जुन्या डिस्कमध्ये दिसला. तुमच्या फुटेजच्या डिस्क ४०-४५ ला असतील तर त्यांच्यासाठी पंखे पळवू नका. दुसरी प्रत ठेवा, तिचा उपयोग जास्त.

स्वरांगण · ११ मे, सकाळी ८:१०

मी घरी शास्त्रीय गाण्याचं रेकॉर्डिंग करते, त्यामुळे पंख्याचा आवाज हा माझा जुना शत्रू. या बाजूनेही बघा, कारण आवाजाच्या मागे लागलं की गारवा आणि आयुष्य दोन्ही आपोआप नीट बसतात, असं मला दिसलंय.

पंख्याचे नियम साधे आहेत. वेग दुप्पट केला तर हवा दुप्पट, दाब चौपट, आणि वीज आठपट. आवाज साधारण १५ डेसिबलने वाढतो. उलट वाचा: वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, पण वीज आठवा हिस्सा आणि आवाज १५ डेसिबलने कमी. आता एकाऐवजी दोन सारखे पंखे निम्म्या वेगाने लावा. हवा जवळजवळ तेवढीच. दोघांमुळे आवाज ३ डेसिबलने वाढतो, पण १५ ने आधीच उतरलेला, म्हणजे १२ डेसिबलची बचत. एक पंखा पळवण्यापेक्षा दोन चालवावेत.

दुसरी गोष्ट कानाने पकडायची. प्रत्येक पंख्याचा एक वाईट वेग असतो, जिथे तो गुणगुणतो. माझ्या पुढच्या पंख्यांचा तो ९५० च्या आसपास होता. ९०० ला शांत, १०५० ला नुसती हवेची सळसळ, मधे मात्र भिंतीला कान लावल्यासारखा हुंकार. तो वेग शोधा आणि तिथे पंखा थांबणारच नाही असं ठेवा. कर्व्हमध्ये (कोणत्या तापमानाला किती वेग, त्या सेटिंगमध्ये) त्या पट्ट्यावरून उडी मारा.

आणि दोन पंखे जवळजवळ सारख्या वेगाने फिरत असतील तर वँव-वँव असा हेलकावा ऐकू येतो. तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा जुळायला थोड्या कमी असल्या की जे होतं, तेच. नऊ पात्यांचा पंखा १२०० ने फिरतो तेव्हा पाती सेकंदाला १८० वेळा कापतात, आणि शेजारचा १२१० ने फिरला की सेकंदाला दीड वेळा हेलकावा. मी पुढचे दोन ७०० वर आणि मागचा ८५० वर ठेवते. पुढच्या दोघांमध्येही साठ-सत्तरचा फरक मुद्दाम.

पूर्वा_ठाणे · ११ मे, दुपारी ४:४५

लॅपटॉपचं काय? माझा तीन वर्षांचा, साधं एक्सेल उघडलं तरी पंखा विमानासारखा. बाहेरून जाळीत ब्लोअर मारून झाला.

सर्व्हररूम · ११ मे, संध्याकाळी ६:००

पूर्वा, बाहेरून मारलेली हवा धूळ पंखा आणि तांब्याच्या पट्ट्यांच्या मधे दाबून बसवते. तिथे केसांची आणि धाग्यांची गादी तयार होते. मागचं झाकण उघडून ती चिमट्याने सबंध उचलून काढावी लागते. उघडलंच आहे तर प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्टही बदलून घ्या. आणि लॅपटॉप पलंगावरच्या गादीवर ठेवून वापरू नका, मागून दोन पुस्तकांचा टेकू द्या.

देवरुखी · ११ मे, रात्री ९:३०

तेलाचा विषय निघालाय म्हणून सांगतो, माझ्यासारखं कुणी करू नये.

दोन वर्षांपूर्वी पंखा घरघरायला लागला. स्टिकर सोलला, खाली रबरी बूच निघालं, घरात हाताशी होतं ते खोबरेल दोन थेंब सोडलं. पंखा इतका गोड चालला की काय सांगू. डिसेंबरपर्यंत. आमच्याकडे डिसेंबरात रात्री गारवा पडतो आणि खोबरेल २४ अंशांच्या खाली थिजतं. एका सकाळी पंखा हललाच नाही. मी समजलो बायोस (मशीन सुरू करणारं, पंखे सांभाळणारं मूळ सॉफ्टवेअर) हळू सुरू करतंय, आणि मशीन तसंच चालू राहिलं. ग्राफिक कार्ड तापून मशीन बंद पडलं तेव्हा कळलं. कार्ड वाचलं, पण तो दिवस मी विसरलेलो नाही. बाटलीत थिजलेलं खोबरेल रोज सकाळी बघत होतो आणि पंख्यातलं लक्षात आलं नाही.

कोकणात धुळीपेक्षा दमट हवेचा त्रास. पावसाळ्यात मशीन आठवडाभर बंद ठेवलं की पंखे जड होतात. मी आता आठवड्यातून दोनदा तासभर तरी चालवतोच.

टर्नर_भोसरी · ११ मे, रात्री १०:१०

देवरुखी दादा, हे सांगितलंत ते बरं केलंत. कोणतंही खाद्यतेल नको, हवेने चिकट होतं. शिलाई मशीनचं तेल तात्पुरतं चालेल, पण फार पातळ, लवकर उडतं. टर्बाइन ऑइल, ३२ ग्रेड, ते मोटरच्या बुशला योग्य. एक थेंब, फार तर दोन. गंज सोडवायचा स्प्रे मारू नका, तो राहिलेलं तेल धुऊन नेतो आणि स्वतः उडून जातो. आणि हे फक्त साध्या बुशला. सीलबंद पंख्याला भोक पाडायला जाऊ नका. तेल घातलेला पंखा म्हणजे नवा येईपर्यंतची सोय, एवढंच समजा.

मंजिरी_के · १२ मे, सकाळी ११:२५

अकोलेकर दादा, सेटिंगचं मी सांगते. फिक्स ५० पण नको आणि फिक्स १०० पण नको. पण नुसता कर्व्ह लावूनही भागत नाही, तो कसा वागतो ते महत्त्वाचं.

रायझनचं तापमान ब्राउझर उघडला तरी सेकंदात दहा-पंधरा अंशांनी उडी मारतं आणि लगेच उतरतं. पंखा त्यामागे धावला की दिवसभर भुर्र-शांत, भुर्र-शांत चालतं. खरं तर हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता शोषणाऱ्या ठोकळ्याच्या) धातूला गरम व्हायला वेळ लागतो, तेवढ्या वेळात पंख्याने धावून काही उपयोग नसतो. म्हणून बायोसमध्ये स्टेप-अपला (वेग वाढायला) पाच सेकंदांची आणि स्टेप-डाउनला (वेग उतरायला) त्याहून जास्त उशिराची वेळ द्या. हिस्टेरेसिस असेल तर ३-४ अंश. म्हणजे ७० ला वाढलेला पंखा ६६-६७ ला उतरल्याशिवाय कमी होणार नाही.

तुमच्यासाठी मी असं सुरू करेन. प्रोसेसरचा पंखा ६० अंशांपर्यंत ३५ टक्के, ७५ ला ५० टक्के, ८५ ला ६५ टक्के, आणि ९५ ला ८० टक्के. १०० टक्के ठेवूच नका, शेवटच्या २० टक्क्यांत आवाज फार वाढतो आणि एक-दोन अंशांपलीकडे काही मिळत नाही. स्वतः मोजून बघा: रेंडर लावून ६०, ८० आणि १०० टक्क्यांवर वीस-वीस मिनिटं ठेवा, रेंडरचा वेग लिहून ठेवा. जिथून पुढे वेग वाढत नाही, तिथे थांबा.

कॅबिनेटचे पंखे मात्र प्रोसेसरवर बांधू नका. तुमच्या मशीनमध्ये खरी उष्णता ग्राफिक कार्ड टाकतं, १७० वॅटपर्यंत. फॅनकंट्रोल नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात प्रोसेसर आणि कार्ड यांपैकी जे जास्त असेल त्यावर पंखा चालवता येतो. कार्डाचं तापमान सावकाश चढतं-उतरतं, त्यामुळे पंखेही सावकाश वागतात.

पंखा अगदी बंद होऊ देऊ नका. काकांनी कारण सांगितलंच आहे. थांबलेल्या पंख्याला सुरू व्हायला जास्त जोर लागतो. २० टक्क्यांवर फिरत राहणारा पंखा थांबल्यावर २० टक्क्यांवर सुरू होईलच असं नाही. किती टक्क्यांवर थांबतो आणि किती टक्क्यांवर उठतो, हे दोन्ही आकडे काढा आणि उठायच्या आकड्याच्या वर तळ ठेवा. चार पिनांचा पंखा असेल तर बायोसमध्ये पीडब्ल्यूएम निवडा. तीन पिनांचा असेल तर डीसी, नाहीतर तो कायम फुल्लच पळतो. तुमचे कॅबिनेटचे पंखे तीन पिनांचे असावेत असा माझा अंदाज.

सगळ्यात मोठा फरक मात्र पंख्याने पडणार नाही. बायोसमध्ये इको मोड (कमी वीज ओढण्याची सेटिंग) ६५ वॅट निवडा. तुमचा प्रोसेसर आत्ता १४२ वॅटपर्यंत ओढतो, तो ८८ वर येईल (६५ हे मोडचं नाव, प्रत्यक्ष मर्यादा ८८). रेंडरला थोडा वेळ जास्त लागेल, पण उष्णतेचा तिसऱ्याहून मोठा हिस्सा निर्माणच होणार नाही. मे-जूनपुरतं ठेवा, नोव्हेंबरात काढा. बायोसमध्ये "उन्हाळा" आणि "हिवाळा" असे दोन प्रोफाइल सेव्ह करून ठेवता येतात. यूट्यूबवरची बहुतेक टेस्टिंग एसी खोलीत होते. तुमच्या खोलीत त्यांच्या आकड्यात पंधरा-वीस मिळवूनच वाचा.

एक विचारायचं राहिलं, कूलर कुठे आहे?

अकोलेकर · १२ मे, दुपारी २:५०

ताई, पंखे तीन पिनांचेच निघाले. कूलर खिडकीत आणि मशीन बरोबर त्याच्या समोर. मला वाटलं तेवढीच गार हवा मिळते.

आज पुढची जाळी काढली. मागून पांढरी गादीच निघाली, सोलून काढली तर एका तुकड्यात हातात आली. धूळ कमी, कापूस जास्त. घरामागे जिनिंग आहे, हंगामात दारं-खिडक्या बंद ठेवल्या तरी तंतू येतातच. आणि पात्यांवर चिखल वाळावा तसा थर.

मंजिरी_के · १२ मे, दुपारी ३:२०

तो चिखल कूलरचाच. दमट हवेला घाबरायचं नाही, मशीन खोलीपेक्षा गरम असल्याने आत पाणी साचत नाही. पण थेट झोतात बारीक तुषार येतात, कापूस ओला होतो आणि चिकटून बसतो. मशीन झोताच्या बाजूला घ्या, कूलरने खोली गार होऊ दे, तेवढं पुरे.

साफ करताना सायकलवाल्याच्या कॉम्प्रेसरकडे नेऊ नका, त्यात पाणी असतं आणि दाब फार. ब्रश आणि छोटा ब्लोअर. ब्लोअर मारताना पातं बोटाने किंवा पेन्सिलने अडवून धरा. मोकळं सोडलं तर पंखा ठरलेल्या वेगाच्या कितीतरी पुढे जातो आणि बेअरिंगला तेवढं सोसत नाही.

सर्व्हररूम · १२ मे, रात्री ९:००

साफ झाल्यावर उदबत्ती लावून बघा. पुढच्या जाळीजवळ धूर आत ओढला गेला पाहिजे, मागे बाहेर आला पाहिजे. बाजूच्या फटींतूनही धूर आत जात असेल तर मागचा पंखा पुढच्या दोघांपेक्षा जास्त ओढतोय, म्हणजे कापूस जाळी टाळून फटींतून येणार. पुढच्यांचा वेग थोडा वाढवा, की फटींतून हवा बाहेर जायला लागेल.

अकोलेकर · ३ जून, रात्री १०:४०

मंडळी, उशीर झाला, लग्नं होती. काल शेवटची तारीख आटोपली.

इको मोड लावला. जो रेंडर ४० मिनिटांत होत होता तो आता ४३-४४ ला होतो. प्रोसेसर ७८-८० च्या वर जात नाही आणि पंखा ५५ टक्क्यांवर एका लयीत चालतो. मागे फ्लुइड बेअरिंगचा नवा पंखा लावला, पुढचे जुनेच ठेवले, डीसीवर. मोजलं तर ते ३० टक्क्यांवर थांबतात आणि ४२ वर उठतात, म्हणून तळ ४५ ठेवला. कार्ड ७४ ला स्थिर. उदबत्तीचा धूर पहिल्यांदा खालच्या फटीतून आत जात होता, पुढचे थोडे वाढवल्यावर थांबला. पुढच्या जाळीवर डासांच्या जाळीचा एक पदर लावलाय, दर रविवारी झटकतो.

स्वरांगण ताई, तुमचा तो हुंकाराचा वेग सापडला. माझा ११०० ला. एकदा कानाने पकडल्यावर इतके दिवस कसा ऐकू आला नाही तेच कळेना.

काका, जुना पंखा टाकला नाही. तुम्ही काळ्या पेस्टचं लिहिलं होतं म्हणून आज उघडला. मागची क्लिप टाचणीने काढली, पातं ओढलं, शाफ्ट हातात आला. त्यावर काळं, डांबरासारखं, तेलाचा वासही नाही. फडक्याने पुसलं. टोकाशी एक चकचकीत पट्टा आहे, त्यावरून नख फिरवलं की कडा लागते.

टर्नर_भोसरी · ४ जून, सकाळी ६:३०

नखाला कडा लागली म्हणजे शाफ्ट खाल्ला गेलाय. आता तेल घालून उपयोग नाही, परत लावू नका. पुढच्या दोन पंख्यांचंही एकदा बघा. मशीन बंद असताना पात्याला बोटाने हलका टोला द्या. चांगला पंखा सावकाश फिरत फिरत थांबतो. एकदम अडकल्यासारखा थांबला, किंवा पातं वर-खाली हललं, तर त्याचंही तेल गेलं. पावसाळा लागायच्या आत बघून ठेवा.

अकोलेकर · ४ जून, सकाळी ९:०५

आत्ताच बघितलं. डावीकडचा सहा-सात फेरे घेऊन थांबला. उजवीकडचा दोन फेऱ्यांत. दुसरा पंखा मागवतोय. मागच्या नव्या पंख्याच्या स्टिकरवर मार्करने तारीख लिहून ठेवली आहे, १९ मे.